नागपुरात मृत्युपत्राला प्रोबेट लागतं का? घर, शेत आणि बँकेतला पैसा वारसांच्या नावे कसा होतो

वडिलांच्या मागे मुलगा मृत्युपत्र घेऊन बँकेत किंवा सोसायटीत गेला की बऱ्याचदा पलीकडून सांगितलं जातं, "प्रोबेट आणा." तो घाबरून वकील शोधायला लागतो. कोर्टाची फी किती, वर्षं किती जातील, याचे आकडे नातेवाईक सांगू लागतात. खरं म्हणजे नागपुरातल्या बहुतेक कुटुंबांना प्रोबेट कधी सक्तीचं नव्हतंच.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे यावर कोर्टाने केलेलं शिक्कामोर्तब. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २१३ नुसार हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन माणसाच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती होती, पण ती फक्त जुना बंगाल आणि मुंबई-मद्रास हायकोर्टाच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रापुरती. म्हणजे मृत्युपत्र त्या हद्दीत झालं असेल, किंवा त्यातली स्थावर मालमत्ता त्या हद्दीत असेल, तरच. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होतं. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी या कलमाची हद्द मुंबई शहरापुरतीच राहिली. त्यामुळे धरमपेठेतल्या घराच्या किंवा काटोलच्या संत्राबागेच्या मृत्युपत्राला प्रोबेट लागत नव्हतं. त्याच माणसाचा मुंबई शहरात फ्लॅट असला, तर त्या फ्लॅटपुरतं लागत होतं.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन व सुधारणा कायदा करून कलम २१३ काढूनच टाकलं. आता मुंबईच्या मालमत्तेलाही प्रोबेट सक्तीचं राहिलेलं नाही. तुमचं प्रकरण त्याआधी सुरू झालेलं असेल, तर त्याचं पुढे काय करायचं हे वकिलाकडून तपासून घ्या.

सक्ती गेली तरी प्रोबेटची सोय आहेच, आणि काही वेळा ते घेण्यातच शहाणपण असतं. भावंडांपैकी कोणी "ही सही बाबांची नाही" म्हणत असेल, मालमत्ता दोन-तीन राज्यांत पसरलेली असेल, किंवा मृत्युपत्राने एखाद्या वारसाला पूर्ण वगळलेलं असेल, तर प्रोबेट घेऊन ठेवा. मृत्युपत्राच्या खरेपणावर एकदा निकाल झाला की तो सगळ्या जगाविरुद्ध चालतो. मात्र मृत्युपत्रातलं घर खरोखर मृताच्या मालकीचं होतं का, हे प्रोबेट कोर्ट ठरवत नाही. तो वाद वेगळ्या दाव्यात जातो. "प्रोबेट मिळालं म्हणजे घर आपलं झालं" असं समजून पुढे धक्का बसलेली कुटुंबं पुष्कळ आहेत.

प्रोबेटचा अर्ज सिव्हिल लाईन्सच्या जिल्हा न्यायालयात होतो. मूळ मृत्युपत्र, मृत्यू दाखला, जवळच्या नातेवाइकांची नावं-पत्ते आणि मालमत्तेची किमतीसह यादी जोडावी लागते. मृत्युपत्रावरचा एक तरी साक्षीदार मिळत असेल, तर अर्जावर त्याचं सत्यापन, म्हणजे "सही होताना मी पाहिली" असं लेखी कथन लागतं. मृत्यूनंतर सात दिवस उलटल्याशिवाय प्रोबेट देता येत नाही. कोर्ट वारसांना नोटीस काढतं, जाहीर सूचनाही निघते. कोणी हरकत घेतली नाही तर साधी साक्ष होऊन आदेश होतो. हरकत आली तर अर्जाचा दावा होतो, उलटतपासण्या सुरू होतात आणि वर्षं जातात. प्रोबेट फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकालाच, म्हणजे एक्झिक्युटरलाच मिळतं. त्याचं नाव लिहायचं राहिलं असेल तर मृत्युपत्र जोडून 'लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन', म्हणजे मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचं कोर्टाचं अधिकारपत्र, मागावं लागतं. म्हणून मृत्युपत्रात एक्झिक्युटरचं नाव लिहा, आणि तो तुमच्याआधी गेला तर कोण, हेही लिहा.

मृत्युपत्र कुठे मोडतं

प्रोबेट लागो न लागो, मृत्युपत्राला कोणी आव्हान दिलं की ते सिद्ध करावंच लागतं. आणि मृत्युपत्र बहुधा मजकुरावर मोडत नाही, साक्षीदारांवर मोडतं.

कायद्याला लागतं ते थोडकंच. करणारा सज्ञान आणि शुद्धीवर असावा. त्याने सही किंवा अंगठा करावा. किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहावी, किंवा "ही सही माझीच" असं त्याच्या तोंडून ऐकावं, आणि दोघांनीही त्याच्या समोर सह्या कराव्यात. स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर हाताने लिहिलेलं चालतं. भाषा कोणतीही चालते, पण आयुष्यभर मराठीत व्यवहार केलेल्या माणसाचं मृत्युपत्र इंग्रजीत टाइप केलं की कोर्टात पहिला प्रश्न येतो, "यातलं त्यांना काय कळलं होतं?" मराठीतच लिहा.

आता सहीच्या वेळचं नीट बघू. कागद टाइप होऊन आले की करणाऱ्याला ते मोठ्याने वाचून दाखवा किंवा वाचू द्या. प्रत्येक पानाच्या खाली त्याची सही हवी, शेवटच्या पानावर पूर्ण सही आणि तारीख. कुठे आकडा खोडून नवा घातला असेल तर त्या जागी त्याची आणि दोन्ही साक्षीदारांचीही सही घ्या, नाहीतर नंतर केलेला तो बदल धरला जात नाही. साक्षीदारांनी नाव, वय, पत्ता लिहून सह्या करायच्या. शेवटी एक परिच्छेद असावा की करणाऱ्याने आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्याच्यासमोर केली. या दोन ओळी नसल्याने पुढे साक्षीदाराची आठवण ताणावी लागते. संध्याकाळी घरी जाऊन साक्षीदाराची सही आणणं ही अगदी नेहमीची चूक. तसं केलं की करणाऱ्याच्या 'समोर' ही अट तुटते.

साक्षीदार करणाऱ्यापेक्षा वयाने लहान आणि नागपुरातच राहणारे असावेत. हयात साक्षीदारांपैकी किमान एकाला कोर्टात येऊन सांगावं लागतं, असा पुरावा कायद्याचा नियम आहे. ऐंशी वर्षांच्या मित्रांच्या सह्या घेतल्या तर वेळेवर सांगायला कोणी उरत नाही. ज्याला मालमत्ता मिळणार त्याला किंवा त्याच्या नवरा-बायकोला साक्षीदार करू नका. ख्रिस्ती आणि पारशी मृत्युपत्रात साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेली देणगीच रद्द होते. हिंदूंना ते कलम लागू नाही, पण संशय नक्की येतो. १९५९ च्या व्यंकटाचल अय्यंगार प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलंय की संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते. लाभ घेणाऱ्या मुलानेच वकील गाठला, मजकूर लिहून घेतला आणि आजारी वडिलांना गाडीत घालून नेलं, तर ते सगळं संशयात मोजलं जातं. वय जास्त असेल तर त्याच दिवसाचं डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडा. डॉक्टरच साक्षीदार झाले तर आणखी उत्तम.

नोटरीचा शिक्का साक्षीदारांची जागा घेत नाही, हे ठासून सांगायला हवं. नोंदणीही सक्तीची नाही, तरी आमचा सल्ला करूनच घ्या असा. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी फी १०० रुपये आहे आणि मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी झाली म्हणून साक्षीदाराची गरज संपत नाही, पण 'मागाहून बनवलं' हा आरोप बराच पांगळा होतो. घरात कोणाला कळू द्यायचं नसेल तर मृत्युपत्र सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतं. मृत्यूनंतर अर्ज केल्यावर पाकीट उघडून त्याची नोंद होते.

मालमत्तेचं वर्णन आपल्याकडे हमखास कच्चं राहतं. "माझं मानेवाड्याचं घर" एवढ्याने भागत नाही. मौजा, खसरा नंबर, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर), ले-आउटमधला प्लॉट नंबर, सिटी सर्व्हे नंबर आणि शीट नंबर, क्षेत्रफळ, महापालिकेचा घर क्रमांक आणि चतुःसीमा लिहा. नागपूर सुधार प्रन्यासचा लीज प्लॉट असेल तर लीजचा तपशील, प्रन्यासकडून प्लॉटचं आर.एल. पत्र मिळालेलं असेल तर त्याचा क्रमांक. हे सगळं रजिस्ट्रीवरून आणि आखीव पत्रिकेवरून, म्हणजे नगर भूमापनाच्या मालमत्ता उताऱ्यावरून, जसंच्या तसं उतरवा. शेवटी एक वाक्य हवंच: "यात न लिहिलेली आणि यापुढे मला मिळणारी सर्व मालमत्ता अमुकला मिळावी." हे वाक्य नसलं की मागाहून सापडलेली एखादी ठेव पुन्हा सगळ्या वारसांत वाटली जाते.

मृत्युपत्रच नसेल तर

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. पुरुष मृत्युपत्राविना गेला तर त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. आधी गेलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलंही त्यात येतात. वडील या वर्गात नाहीत, आई आहे, आणि हिशेबात नेमकी तीच सुटते. पत्नी, एक मुलगा, दोन मुली आणि आई असतील तर पाच सारखे हिस्से. पुढे आईही गेली की तिचा पाचवा हिस्सा तिच्या इतर मुलामुलींकडे आणि या नातवंडांकडे जातो, सुनेकडे नाही. म्हणजे काका-आत्यांचा त्या घरात कायदेशीर वाटा येतो. ज्यांना हे टाळायचंय त्यांनी मृत्युपत्र करावं, इतकं सरळ आहे.

बाईच्या मालमत्तेचा नियम वेगळा. मुलंबाळं नसलेली विधवा मृत्युपत्राविना गेली तर तिची स्वकष्टाची कमाई नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर लागतो. माहेरून वारशाने आलेली मालमत्ता तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. नोकरी करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या बायकांनी मृत्युपत्र आधी करावं ते यासाठी.

वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार आहे. वडील त्या दिवशी हयात असायलाच हवेत असं नाही, हे विनिता शर्मा प्रकरणात २०२० मध्ये स्पष्ट झालं. अशा मालमत्तेत माणूस आपल्या वाट्यापुरतंच मृत्युपत्र करू शकतो. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही.

कोणत्या मालमत्तेला कोणता कागद

शहरातलं घर किंवा प्लॉट असेल तर अर्ज नगर भूमापन कार्यालयात, आखीव पत्रिकेवर वारसांची नावं लावण्यासाठी. महापालिकेच्या झोन कार्यालयात टॅक्सच्या नोंदीसाठी वेगळा अर्ज. सुधार प्रन्यासचा प्लॉट असेल तर तिथेही वेगळा. एका ठिकाणी नाव लागलं म्हणून दुसरीकडे आपोआप लागत नाही. टॅक्स पावतीवर नाव असणं ही मालकी नव्हे, आणि फेरफारसुद्धा मालकी देत नाही. ती महसुली नोंद आहे. मालकी येते वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने.

शेतीसाठी पटवाऱ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइनही अर्ज होतो. मृत्यू दाखला, वारसांबाबतचं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ जोडा. नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. २०२५ मध्ये राज्याने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती मयत खातेदारांची नावं वर्षानुवर्षं सातबाऱ्यावर तशीच राहिली होती म्हणूनच.

बहिणींची नावं प्रतिज्ञापत्रातून गाळणं ही इथली सर्वांत मोठी आणि सर्वांत महाग चूक. "त्यांना दिलंय लग्नात," असं म्हणून कायदा बदलत नाही. जमीन विकायची वेळ आली किंवा रस्त्यासाठी, प्रकल्पासाठी संपादनात गेली की मोबदला अडकतो, आणि खोट्या प्रतिज्ञापत्राचा विषय वेगळाच. बहीण खुशीने सोडणार असेल तर आधी तिचं नाव लावा, मग नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. तहसीलमध्ये स्टॅम्पवर लिहून घेतलेलं, पण नोंदणी न केलेलं हक्कसोड स्थावर मालमत्तेला चालत नाही. वारसांत अज्ञान मूल असेल तर त्याचा हिस्सा आईलासुद्धा कोर्टाच्या परवानगीविना विकता किंवा सोडता येत नाही. तसं केलं तर मूल सज्ञान झाल्यावर तो व्यवहार रद्द करून घेऊ शकतं.

बँकेतल्या पैशाचा मार्ग आणखी निराळा. नॉमिनी असेल तर बँक त्याला रक्कम देऊन मोकळी होते, पण नॉमिनी मालक होत नाही. तो वारसांच्या वतीने पैसे ताब्यात घेतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही हेच, असं सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि प्रत्येकाची टक्केवारी लिहिता येते. मृत्युपत्र आणि नॉमिनेशन यांत एकच नावं ठेवली की निम्मी भांडणं होतच नाहीत.

नॉमिनी नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनुसार १५ लाखांपर्यंतचा, आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतचा दावा साध्या कागदपत्रांवर निकाली काढायचा असतो. मृत्युपत्र नसेल, वाद असेल किंवा रक्कम मोठी असेल, तर उत्तराधिकार प्रमाणपत्राची वेळ येऊ शकते, ज्याला सगळे 'सक्सेशन' म्हणतात. ते मृत व्यक्ती जिथे राहत होती तिथल्या कोर्टातून मिळतं, देशभर चालतं, आणि येणी (ठेवींसारखी) व रोखे (शेअर वगैरे) यांच्यापुरतंच असतं. घर-शेतासाठी सक्सेशनचा अर्ज करणं व्यर्थ. कोर्ट फी रकमेवर लागते. अर्जात प्रत्येक ठेव, प्रत्येक फोलिओ क्रमांकासह लिहा. एखादी राहिली तर प्रमाणपत्र वाढवून घेण्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. जुन्या विसरलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल आहे, ते आधी बघा. नावांतली तफावतही आधीच मिटवा. मृत्यू दाखल्यावर एक नाव, पासबुकावर दुसरं आणि आखीव पत्रिकेवर तिसरं असेल, तर तिन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र अर्जाबरोबरच द्या.

हयातीतच देऊन टाकावं का?

राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलगा, मुलगी किंवा नातवंडांना बक्षीसपत्राने द्यायची असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार त्याशिवाय लागू शकतो, तो आधी विचारून घ्या. खर्च कमी म्हणून बरेच जण हा मार्ग धरतात. पण मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येतं, बक्षीसपत्र त्याच दिवशी मालकी देऊन टाकतं. म्हाताऱ्या आईवडिलांना त्यांच्याच घरात परकं होताना पाहणं फार वाईट असतं, म्हणून हे कळकळीनं सांगतो: बक्षीसपत्र करायचंच असेल तर "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द आणि हयातभर राहण्याचा हक्क त्यात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, अट मोडली तर असा दस्त न्यायाधिकरणाकडून रद्द होऊ शकतो. अटच लिहिलेली नसेल तर लढाई कितीतरी अवघड होते.

ट्रस्ट कोणासाठी

वारसा कर भारतात नाही. १९८५ मध्ये इस्टेट ड्यूटी गेली. त्यामुळे कर वाचवायला ट्रस्ट करा, असं कोणी सांगत असेल तर जपून. सामान्य कुटुंबात खासगी ट्रस्टची खरी गरज दिसते ती मुलगा किंवा मुलगी बौद्धिक अपंग, स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेली असेल तेव्हा. तिच्या नावे घर करून ठेवणं पुरेसं नाही. ते भाड्याने कोण देणार, औषधांचा खर्च कोण करणार, आणि भावाने विकलं तर कोण अडवणार?

भारतीय न्यास अधिनियम, १८८२ खाली मृत्युपत्रातच असा ट्रस्ट लिहिता येतो. हयातीत करायचा आणि त्यात घर घालायचं तर नोंदणीकृत दस्त लागतो, आणि मुद्रांक शुल्क मोठं बसू शकतं. मृत्युपत्राने केलेल्या ट्रस्टला तो भार पडत नाही. चार गोष्टी पक्क्या लिहा: कोणती मालमत्ता, कोणासाठी, विश्वस्त कोण, आणि ते मूल गेल्यावर उरलेलं कोणाला. विश्वस्त एकटा नको, दोन-तीन असावेत, आणि त्यातला एक वारसदार भावंडांबाहेरचा. एखादा गेला तर नवा कसा नेमायचा तेही लिहा. विश्वस्ताला हिशेब ठेवावा लागतो. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. हा अर्ज आईवडील हयात असतानाच करायचा.

घर वाचनालयाला, विहाराला किंवा मंदिराला द्यायचं असेल तर तो सार्वजनिक न्यास, धर्मादाय आयुक्तांच्या अखत्यारीतला. ते परत मिळत नाही.

वकिलाकडे जाताना रजिस्ट्री, आखीव पत्रिका किंवा सातबारा, ठेवींची यादी आणि कुटुंबातल्या हयात-मयत सगळ्यांची नावं असलेला वंशवृक्ष घेऊन जा. फी ठरवताना त्यात फक्त मसुदा आहे की नोंदणीलाही सोबत येणार, हे विचारा, आणि प्रोबेट किंवा सक्सेशन असेल तर वाद उद्भवल्यावर फी बदलणार का तेही. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि सक्सेशनच्या अर्जालाही तो मागता येतो.